दर दोन तासांनी: एका घरातल्या जागरणाचं प्रकरण

या बाईंचा केसपेपर माझ्याकडे निघाला तो तसा अपघातानंच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या नवऱ्याच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या होत्या. नंबर येईपर्यंत बाकावर बसल्या आणि बसल्या बसल्या शेजारच्या पेशंटच्या खांद्यावर कलंडल्या. कंपाउंडरनं हाक मारली तशा दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "किती वाजले? कूस बदलायची वेळ झाली का?"

मी कराडला फॅमिली डॉक्टर आहे. त्यांच्या मालकांना वीसेक वर्षं ओळखतो, म्हणून त्या माझ्या वहिनी. इथंही तसंच म्हणतो. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत.

मालकांचं वय ५९. साखर कारखान्यात बॉयलरवर आयुष्य गेलं, पहिली-दुसरी-तिसरी पाळी करत. फेब्रुवारीत गळीत हंगाम जोरात असताना सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि उजवी बाजू गेली. मेंदूच्या डाव्या अंगाची रक्तवाहिनी बंद झाली होती. ११ दिवस हॉस्पिटल, मग घर. वाचा गेली, समज मात्र शाबूत. समोरचा काय बोलतो ते सगळं कळतं, उत्तर ओठांपर्यंत येतं आणि तिथंच अडतं. सुरुवातीला नाकातून नळी होती, ती पाच आठवड्यांनी निघाली. आता मऊ भात, खिचडी, कालवलेली भाकरी जाते.

घरात वहिनी, वय ५२, आणि ऐंशीच्या सासूबाई. वहिनी त्यांना आत्याबाई म्हणतात. मुलगा चाकणला कंपनीत, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परततो. मुलगी सांगलीला, तिचे दिवस भरत आलेले. धाकट्या जाऊबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

त्या दिवशी वहिनींचं बीपी १५८/९६ भरलं. पूर्वी कधी त्रास नव्हता. चार महिन्यांत वजन सहा किलो उतरलेलं. पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.१, थायरॉइड आणि साखर ठीक. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी घेतली, गुण ११ आले, म्हणजे मध्यम. जीव नकोसा होतो का, असं विचारलं. म्हणाल्या, "जीव नको कशाला होईल डॉक्टर? झोप पायजे फक्त."

नणंदेची गोळी

झोपेसाठी काय करून पाहिलंत, हे विचारल्यावर जरा वेळानं उत्तर आलं. नणंदेच्या स्ट्रिपमधली अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी एप्रिलमध्ये त्यांनी दोन रात्री अर्धी-अर्धी घेतली होती. पहिल्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या रात्री मात्र गाढ झोप लागली. बाराला कूस बदलून पडल्या त्या पाचला जागं झाल्या. मधले दोन्ही गजर वाजून गेले होते. मालक पाच तास एकाच कुशीवर.

"मला वाटलं, आता पाठ फाटली असंल ह्यांची. लाईट लावून बघितलं. काय नव्हतं. पण त्या दिवसापासनं झोप आली तरी मी येऊ देत न्हाई."

अल्प्राझोलाम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानदारानं ती द्यायची नाही आणि दिलेली वेगळ्या रजिस्टरात नोंदवून तीन वर्षं जपायची. घराघरांतल्या डब्यांत ती पोचते ती अशी, कुणाच्या तरी उरलेल्या स्ट्रिपमधून. पण मला त्या गोष्टीतलं दुसरंच काही खटकलं. पाच तास एका कुशीवर पडून माणसाच्या कातडीला काहीही झालं नव्हतं. हे मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली, कबुली दिल्यासारखी. मे महिन्यात एकदा रात्रीची बीपीची गोळी त्यांनी मालकांना दोनदा दिली होती. दिली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा दिली. सकाळी ते बसवल्यावर पांढरे पडले. निभावलं. दूध उतू जाणं, कुकरच्या शिट्ट्या विसरणं हे झोपमोडीत चालायचंच. औषधं देणारा हातच पेंगत असेल तर आजारी माणसाच्या जिवाशी गाठ पडते. घरात पेशंट दोन आहेत हे मला तेव्हा कळलं. म्हणजे चार महिने उशिरा.

दुधाच्या हिशेबाशेजारी

झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्याला आम्ही आधी दोन आठवड्यांची डायरी लिहायला सांगतो. छापील तक्ता वहिनींनी हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. "हे मला रात्री दिसायचं न्हाई." मग त्यांनीच तोड काढली. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर दुधाचा हिशेब असतो. त्याच चौकोनात त्यांनी रात्री जाग आली की एक उभी रेघ ओढायची आणि रेघेखाली एक अक्षर लिहायचं. गजरानं उठले तर ग, मालक ओले झाले असतील तर ओ, त्यांचा आवाज आला तर आ. चौथं अक्षर त्यांनी स्वतःच वाढवलं: उ. उ म्हणजे उगाच.

चौदा रात्रींचा हिशेब मी त्यांच्यासमोर बसून केला. एकूण १११ रेघा, रात्रीला जवळजवळ आठ. त्यांत ग ४२, कारण रात्री अकराला कूस बदलून त्या पडायच्या आणि मग एक, तीन, पाच असे तीन गजर. ओ २३. आ १७. आणि उ २९. सलग झोप सगळ्यात जास्त लागली ती एक तास चाळीस मिनिटं. पिट्सबर्गची म्हणून झोपेची एक प्रश्नावली आहे, १९८९ सालची, २१ गुणांची. पाचाच्या वर गेलं की झोप बिघडलेली समजतात. वहिनींचे १६ आले.

इथं डॉक्टरमंडळींची एक नेहमीची गफलत होते, माझीही व्हायची. माणूस म्हणतो झोप लागत नाही, आपण कागदावर लिहितो 'निद्रानाश'. पण निद्रानाशाच्या व्याख्येतच एक अट आहे: झोपायला पुरेसा वेळ आणि निवांत जागा असूनही झोप येत नसेल, आठवड्याला तीन रात्री, तीन महिने, तर तो निद्रानाश. वहिनींना झोपायला वेळ होता कुठं? १११ पैकी ८२ वेळा त्यांना कामानं नाहीतर आवाजानं उठवलं होतं. तो आजार नव्हता, ती ड्युटी होती. उरलेल्या २९ उगाचच्या रेघा मात्र वेगळ्या जातीच्या. पहिल्या ८२ ना गोळी देणं म्हणजे रखवालदाराला गुंगी देणं, आणि वहिनींनी एप्रिलमध्ये नेमकं तेच करून पाहिलं होतं.

म्हणून आधी ८२ कडे वळलो.

डिस्चार्ज कार्डाची शेवटची ओळ

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ होती: दर दोन तासांनी कूस बदलणे. सल्ला चुकीचा नाही. हालचाल नसलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर दाब राहिला की तिथलं रक्त अडतं, कातडी मरते आणि शय्याव्रण होतात. एकदा झाले की महिनोन् महिने भरत नाहीत. पण हा नियम हॉस्पिटलात रुजलेला आहे आणि तिथं चोवीस तासांत तीनदा सिस्टर बदलते. घरी सिस्टर एकच. तिची पाळी सुटत नाही.

ते कार्ड चार महिन्यांत मी निदान पाच-सहा वेळा हातात घेतलं होतं. ती ओळ वाचलीही होती. रात्री ती कोण पाळतंय, हे विचारलं नाही. त्याच कार्डवर बीपीची गोळी रात्री नऊला लिहिली होती आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. मी ती प्रत्येक महिन्याला जशीच्या तशी उतरवत गेलो. नऊला लघवीची गोळी, वर झोपताना कपभर चहा, आणि मग रात्रभर चादरी. या २३ ओ-रेघांतल्या बऱ्याचशा माझ्याच पेनातून निघालेल्या होत्या.

गोळी सकाळी आठवर आणली. संध्याकाळचं पाणी साडेसातपर्यंत आटपायचं, रात्रीचा चहा बंद. रात्रीपुरता कंडोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर चढवायचं नळी जोडलेलं आवरण, आणि लघवीची पिशवी. यात माप महत्त्वाचं, आणि वरून चिकटपट्टी गच्च आवळून गुंडाळायची नाही. सकाळी काढून जागा धुऊन कोरडी करायची. पहिल्या आठवड्यात दोनदा निसटला. मेडिकलवाल्यानं आधी एकच माप ठेवलं होतं, त्याहून लहान माप मागवल्यावर बसला.

कुशीचा प्रश्न नाजूक. २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधले ९४२ वृद्ध, सगळे दाट फोमच्या गाद्यांवर. काहींची कूस दर दोन तासांनी बदलली, काहींची तीन, काहींची चार. तीन आठवड्यांत तिन्ही गटांत शय्याव्रणांचं प्रमाण सारखंच राहिलं. त्याआधी २००५ मध्ये बेल्जियममधल्या अभ्यासातही चांगल्या गादीवर चार तासांचं अंतर साध्या गादीवरच्या दोन तासांपेक्षा सरस ठरलं होतं. अर्थात अमेरिका-कॅनडातले ते वृद्ध मध्यम ते जास्त धोक्याचे होते, अतिधोक्याचे त्यात घेतलेच नव्हते. शिवाय तिथली हवा, तिथला कर्मचारीवर्ग वेगळा. आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत, घामात, ते आकडे आंधळेपणानं उतरवता येत नाहीत. मधुमेही, हाडं वर आलेला, जेवण सुटलेला पेशंट असता तर मी या वाटेला गेलोच नसतो.

मालकांचं तसं नव्हतं. जेवण चांगलं, साखर नाही, डावे हात-पाय हलतात, खाली हवेची गादी. शय्याव्रणाचा धोका मोजायच्या ब्रेडनच्या मोजपट्टीवर १४ गुण, म्हणजे मध्यम धोका. आणि एप्रिलमधली ती चुकून गेलेली पाच तासांची रात्र माझ्या कागदाच्या कोपऱ्यात होतीच.

वहिनींना हे पटवणं औषध बदलण्याइतकं सोपं नव्हतं. "तिथल्या सिस्टरनं बजावून सांगितलंय." मी म्हटलं, मग पुरावा कातडीकडूनच घेऊ. पहिला आठवडा तीन तास, जमलं तर पुढं चार. रोज सकाळी स्पंज करताना माकडहाड, दोन्ही टाचा, घोटे, खुबे बघायचे. लाल दिसलं तर बोटानं दाबून धरायचं आणि सोडायचं. दाबल्यावर फिकं पडून पुन्हा लाल झालं तर रक्त वाहतंय, काळजी नाही. दाबूनही लालच राहिलं तर त्याच क्षणी पुन्हा दोन तासांवर यायचं आणि मला फोन करायचा. पूर्ण कुशीवर झोपवायचं नाही, पाठीशी उशी देऊन जरासं कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी घडी करून ठेवली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. ही घडी किती जाड हवी, यावर सासू-सुनेत दोन दिवस वाद झाला. शेवटी आत्याबाईंची घडी बरोबर निघाली.

पाचव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला फोन आला. उजव्या घोट्याच्या हाडावर लाल डाग. दाबला का? दाबला. फिकट झाला का? एवढा वेळ शांतता. मग, "झालाय वाटतं." तिसऱ्या दिवशी तो डाग गेला.

जुलैअखेर रात्रीचं वेळापत्रक असं बसलं: अकराला कूस, तीनला कूस, साडेसहाला कूस. मधे काही नाही.

पाळ्या

मुलाचं पहिल्यापासून एकच म्हणणं होतं, रात्रीसाठी बाई ठेवू. पैशाचा प्रश्न होताच, पण खरी अडचण ती नव्हती. "परक्या बाईनं ह्यांचं कसं करायचं? आणि परका पुरुष रात्री घरात कसा ठेवायचा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या घरात बायको आणि आई दोघीच आहेत तिथं ही अडचण खरी असते. शहरातले लोक तिला जुनाट म्हणतील, म्हणोत बापडे.

वाट त्यांच्याच घरात सापडली. मालक तिसरी पाळी करून सकाळी यायचे तेव्हा हे घर कसं वागायचं, ते मी विचारलं. वहिनी हसल्या. दार लोटलेलं, रेडिओ बंद, पोरांना अंगणात हाकललेलं, दारावर आलेल्या भाजीवालीला खुणेनं गप्प केलेलं. पंचवीस वर्षं या घरानं एका माणसाची दिवसाची झोप राखली होती. मग आता बाईची रात्रीची का नाही?

आत्याबाई पहाटे चारला उठतातच. तुळशीला पाणी, माळ, चुलीवर पाणी तापवणं. त्यांना लेकाची कूस बदलवत नाही, पण कान आणि डोळे चालतात. साडेचार ते साडेसहा त्या मालकांच्या खोलीत खुर्चीवर बसून माळ ओढणार. ही तिसरी पाळी. शनिवारची रात्र पूर्ण मुलाची. दुपारी दोन ते तीन शेजारच्या मावशी येऊन बसणार आणि वहिनींनी तेवढ्यात अर्धा-पाऊण तास पडायचं. निद्रानाशाच्या शास्त्रात दिवसाची झोप वर्ज्य धरतात. इथं चार महिन्यांची उधारी होती, म्हणून मी पहिला दीड महिना मुद्दाम मुभा दिली. मग हळूहळू वीस मिनिटांवर आणली.

मालकांना बोलता येत नाही, म्हणून वहिनींचा कान रात्रभर त्यांच्या श्वासावर. यासाठी दाराला लावतात ती रिमोटची बेल आणली, सेलवर चालणारी. तिचं बटण पलंगाच्या डाव्या कठड्याला दोरीनं बांधलं, डाव्या हाताला सहज लागेल असं. वहिनींचं अंथरूण मधल्या खोलीत हललं, दार लोटून.

उ

ऑगस्टच्या मध्यावर कॅलेंडर पुन्हा मोजलं. चौदा रात्रींत ७६ रेघा. ग १४, ओ ९, आ १२. मला आनंद व्हायला हवा होता. पण उ ४१ झाल्या होत्या. आधी २९ होत्या.

वहिनींना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मी मात्र रेघांच्या वेळा विचारत गेलो तेव्हा चित्र उघड झालं. बहुतेक उ एकच्या आणि पाचच्या आसपास होत्या. बंद केलेले गजर त्या शरीरात वाजत होते. चार महिने दर दोन तासांनी उठवलेला मेंदू आता स्वतःच दहा मिनिटं आधी जागा होत होता. एकदा एसटीत कुणाच्या तरी फोनवर गजराची तीच धून वाजली आणि त्या सीटवरून उठून उभ्या राहिल्या, हेही तेव्हाच सांगितलं.

झोपेतही मेंदू आवाजांची निवड करतो. आई पावसाच्या धडधडाटात झोपते आणि तान्ह्याच्या कुरकुरीनं उठते, ते त्यामुळेच. सप्टेंबरात गणपतीची मिरवणूक त्यांच्या दारावरून गेली. ढोल-ताशा, वर लेझीम. वहिनी त्यात गाढ झोपल्या होत्या. मिरवणूक पुढं गेली, मालक खाकरले, आणि त्या ताडकन उठल्या. आत्याबाईंनी हा किस्सा मला कौतुकानं सांगितला. मी काही वेगळंच ऐकत होतो.

म्हणजे आता खरा निद्रानाश. वेळ आहे, जागा आहे, आणि झोप नाही. अशा जुनाट निद्रानाशाला गोळीआधी वर्तनोपचार द्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं आणि माझंही तेच मत आहे. त्यातला एक भाग अंथरुणावरचा वेळच काही दिवस कमी करण्याचा असतो. तो मी वगळला. आधीच रिकामी असलेली टाकी आणखी उपसायची नाही, त्यात बीपी चढलेलं. बाकीचं घेतलं. तीनच्या कुशीसाठी गजराची धून बदलली. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं तर अंथरुणात कूस बदलत बसायचं नाही, उठून स्वयंपाकघरातल्या पाटावर बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. आणि सगळ्यात अवघड: बेल वाजल्याशिवाय बघायला जायचं नाही.

"एकदा तरी," त्या म्हणाल्या. घासाघीस झाली. शेवटी रात्रीला एक चक्कर मंजूर केली, कधी वापरायची ते त्यांनी ठरवायचं. पुढं त्यांनी सांगितलं की चक्कर शिल्लक आहे म्हटल्यावर ती वापरावीशी वाटत नाही, पहाटेसाठी राखून ठेवावीशी वाटते.

बेलेनं मात्र दगा दिला. म्हणजे बेलेनं नाही, मालकांनी. दोन सकाळी चादर ओली सापडली आणि बेल वाजलीच नव्हती. वहिनींचा विश्वास उडाला आणि चकरा पुन्हा तीनवर गेल्या. मी घरी जाऊन मालकांशी एकटाच बसलो. आमची भाषा ठरलेली आहे, हो असेल तर डावा अंगठा वर. बेल दाबता येते? अंगठा वर. ओलं झालेलं कळतं? वर. मग वहिनींची झोप मोडू नये म्हणून दाबत नाही का? त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बऱ्याच वेळानं अंगठा वर आला, तोंड तिकडेच.

मी म्हटलं, "बॉयलरचं पाणी कमी झालं की भोंगा वाजतो. भोंगा बंद करून ठेवला तर पाळीवरचा माणूस झोपेल की रात्रभर काचेकडे बघत बसेल?" अर्धं तोंड हललं. हसणं होतं ते. तुम्ही दाबलं तर त्या एकदा उठतील, नाही दाबलं तर चारदा उठतील, हे वेगळं सांगावं लागलं नाही. त्या रात्री बेल दोनदा वाजली. दुसऱ्यांदा बहुधा नुसतीच, वाजते का ते बघायला.

शनिवारी मुलगा पाळीवर असताना वहिनी घरातच झोपल्या तर काही उपयोग होईना. तीन वेळा उठून दारातून डोकावल्या, मुलगा वैतागला, दोघांचं वाजलं. म्हणून पुढच्या शनिवारी त्यांना जाऊबाईंकडे पाठवलं. तिथं दोनपर्यंत टक्क जाग्या. मग झोप लागली ती सकाळी साडेआठपर्यंत. जाऊबाईंनी उठवलं नाही, चहा दोनदा गरम केला. वहिनी उठल्या त्या जावेवरच चिडल्या, अशी कशी झोपू दिलीस म्हणून. पण पुढच्या शनिवारी आपली उशी घेऊन गेल्या.

ऑक्टोबर

शेवटची मोजणी ऑक्टोबरात केली. चौदा रात्रींत ३४ रेघा: तीनच्या कुशीच्या १४, बेलेच्या ६, आवाजाच्या ५, उगाचच्या ९. पिट्सबर्गचे गुण १६ वरून ९. अजून पाचाच्या वरच आहेत आणि मालक असे आहेत तोवर ते खाली येतील असं मला वाटत नाही. बीपी औषधाविना १३४/८४. वजन दोन किलो वाढलंय. मालकांना फिजिओथेरपिस्टनं डावा हात पलीकडे नेऊन कठडा धरून उजवीकडे स्वतः कलायला शिकवलंय. उजवा खांदा खाली अडकत नाही ना, एवढं बघावं लागतं. कातडी निर्मळ आहे.

गोळ्यांचा आता आठवड्याचा डबा भरलेला असतो, मुलगा रविवारी भरून जातो. माझ्या दवाखान्यात पक्षाघाताचा पेशंट घरी गेला की त्याच्या केसपेपरवर मी आता एक जास्तीची ओळ लिहितो: रात्री कोण उठतं? आणि डिस्चार्ज कार्डावरच्या वेळा त्या माणसाला समोर बसवून वाचतो. यात पाच मिनिटं जातात, बाहेर नंबर लागलेले लोक कुरकुरतात.

परवा वहिनी आल्या होत्या, या वेळी स्वतःच्या नंबरानं. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्याचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलंय. पुढं काही आठवडे वाकायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. ते थेंब घालणार अर्थातच वहिनी. मुलगी बाळंत झालीय, तिलाही महिनाभर माहेरी यायचंय. तिसऱ्या पाळीला माणूस शोधायला हवा. जाऊबाईंना विचारलंय, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.